साडेबारा हजार किलोमीटर, आणि किती तास?

डॉक्टर व्हायला निघालेल्या आनंदीबाई जोशी ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून बोटीत बसल्या आणि ४ जूनला न्यूयॉर्कच्या धक्क्यावर उतरल्या. मध्ये अठ्ठावन्न दिवस गेले. सुएझचा कालवा खुला होऊन तेव्हा चौदा वर्षंही पुरी झाली नव्हती. धक्क्यावर त्यांना न्यायला, त्यांना आसरा देणाऱ्या थिओडिशिया कार्पेंटरबाई आल्या होत्या. त्यांचं घर न्यू जर्सीतल्या रोझेलला होतं. रोझेल अजून आहे, नेवार्कच्या विमानतळापासून थोड्याच मैलांवर. आज त्या परिसरात इतकी मराठी कुटुंबं राहतात की पुण्यात, ठाण्यात, डोंबिवलीत कुणालाही विचारा, ‘न्यूयॉर्कला पोचायला किती वेळ लागतो?’ उत्तर तयार असतं: सोळा तास.

हे सोळा तास येतात कुठून, हे शोधताना मी या विषयात गुंतत गेलो. अंतर पक्कं आहे. मुंबईच्या धावपट्टीपासून न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळापर्यंत पृथ्वीच्या पाठीवरून मोजलं तर ते सुमारे १२,५३० किलोमीटर भरतं. वेळ मात्र रोज नव्याने ठरवावी लागते. कधी ती पंधरा तासांच्या जवळ असते, कधी सोळाच्या पुढे जाते, आणि सीमा बंद झाल्या की सगळंच गणित कोलमडतं.

घरात मुलांचा पृथ्वीगोल असेल तर एक करून बघा. दोऱ्याचं एक टोक मुंबईवर धरा, दुसरं न्यूयॉर्कवर ठेवा आणि दोरा ताणा. शाळेच्या भिंतीवरचा नकाशा डोक्यात असल्याने आपल्याला वाटतं, दोरा अरबस्तान, इजिप्त, मोरोक्को असा पश्चिमेला जाईल. तो तसा जातच नाही. ताणताक्षणी तो उत्तरेकडे सरकतो. मुंबईहून निघताना त्याची दिशा जवळजवळ उत्तरेचीच असते, जरा पश्चिमेला कललेली. सिंध, बलुचिस्तान, अफगाणिस्तानचा पश्चिम भाग, अरल समुद्राचा परिसर, मग मॉस्को. तिथून नॉर्वेतल्या त्रोंडहाइमच्या अंगाने तो समुद्रावर येतो, आइसलँडच्या रेक्याविकवरून जातो, ग्रीनलँडच्या दक्षिण टोकाला चाटतो आणि लॅब्राडोरवरून खाली अमेरिकेत उतरतो. सर्वांत उत्तरेला तो जवळजवळ ६५ अक्षांशापर्यंत पोचतो. मुंबई १९ वर, न्यूयॉर्क ४१ च्या आत, आणि दोन्ही जोडणारा सर्वांत जवळचा रस्ता उत्तर ध्रुववृत्ताच्या खालोखाल! सपाट नकाशावर पट्टी ठेवून काढलेल्या ‘सरळ’ रेषेने गेलो तर १४,२०० किलोमीटर पडतील. म्हणजे सतराशे किलोमीटर फुकट.

आता साधा भागाकार करू. मोठं जेट विमान उंचावर ताशी नऊशे किलोमीटरच्या आसपास उडतं. त्या हिशेबाने चौदा तासांत पोचायला हवं. वरचे दोन तास बहुतांशी वाऱ्याच्या खाती जमा होतात. दहा-बारा किलोमीटर उंचीवर मध्य अक्षांशांत पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचे प्रचंड झोत वाहतात. त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. ताशी शंभर किलोमीटरचा वारा सतत समोरून आला तर नऊशेचे आठशे होतात आणि चौदा तासांचे जवळपास पावणेसोळा. परतीच्या वाटेवर हाच वारा पाठीशी असतो. म्हणूनच न्यूयॉर्कहून मुंबईला येणारं विमान तास-दीड तास तरी लवकर पोचतं. ८ फेब्रुवारी २०२० च्या रात्री ‘किआरा’ वादळाच्या जोरावर न्यूयॉर्कहून निघालेलं एक जम्बो जेट ४ तास ५६ मिनिटांत लंडनला टेकलं होतं. एरवी त्याला साडेसहा तास लागले असते.

या वाऱ्यांच्या शोधाची एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. वासाबुरो ओइशी हे जपानी हवामानशास्त्रज्ञ. तातेनो इथल्या वेधशाळेतून ते १९२० च्या दशकात फुगे सोडून वरच्या हवेची मोजमापं घेत होते. हिवाळ्यात उंचावर अचाट वेगाचे पश्चिमी वारे वाहतात, हे त्यांनी नोंदवलं. ते जगाला कळावं म्हणून अहवाल एस्पेरांतो भाषेत छापला, कारण ही भाषा सगळ्या जगाची होईल यावर त्यांची श्रद्धा होती. जगाने तो वाचला नाही. १९४४ च्या अखेरीस अमेरिकेची बी-२९ बॉम्बफेकी विमानं जपानवर आली, तेव्हा त्या वैमानिकांना हे वारे अंगावर घेऊनच कळले. माणसाने जन्म घालवून केलेलं काम वीस वर्षं कुणाच्या नजरेला पडू नये, याचं वाईट वाटतं. आज दर उड्डाणाची वेळ त्याच वाऱ्यांच्या अंदाजावर ठरते. लंडन आणि वॉशिंग्टन या नावांच्या दोन जागतिक केंद्रांतून साऱ्या पृथ्वीवरच्या उंच हवेचे अंदाज निघतात, आणि मुंबईहून सुटणारं विमानही त्यांच्यावरच चालतं.

विमान सुटायच्या काही तास आधी जमिनीवरचा एक माणूस त्या रात्रीचा रस्ता आखतो. त्याला फ्लाइट डिस्पॅचर म्हणतात. त्याच्यासमोर वाऱ्याचे अंदाज असतात, कुठल्या देशाचं आकाश बंद आहे याच्या सूचना असतात, कोणता देश आपल्यावरून जायचे किती पैसे घेतो याचा हिशेब असतो, आणि विमानाचं वजन असतं. सगळं लक्षात घेऊन तो जो आराखडा काढतो त्यात वाटेतल्या प्रत्येक बिंदूला किती वाजता पोचायचं आणि तेव्हा टाकीत किती इंधन उरलं पाहिजे, हे लिहिलेलं असतं. वैमानिक उड्डाणभर तो कागद, आता बहुधा टॅब्लेटवर, समोर ठेवून प्रत्यक्ष आकडा त्याच्याशी ताडून बघतो. कित्येकदा दोनशे-तीनशे किलोमीटर लांबचा रस्ता लवकर पोचवतो, कारण तिथे समोरचा वारा कमी असतो. त्यामुळे काल जे विमान आइसलँडवरून गेलं ते आज आयर्लंडच्या अंगाने जातं. उत्तर अटलांटिकवरचे समांतर मार्ग तर कॅनडातलं गँडर आणि स्कॉटलंडमधलं प्रेस्टविक ही दोन केंद्रं रोज नव्याने जाहीर करतात.

इंधनाचा हिशेब मला सगळ्यांत विलक्षण वाटला. बोइंग ७७७-३०० ईआर या विमानाच्या टाक्यांत सुमारे १,८१,००० लिटर इंधन मावतं, म्हणजे अंदाजे १४५ टन. उड्डाणाच्या वेळी विमानाचं कमाल वजन ३५१ टन असू शकतं. म्हणजे टाक्या भरल्या तर चाळीस टक्के विमान इंधनाचंच! तासाला सात-आठ टन जळतं. वर जादा इंधन हवं: अंदाज चुकला तर म्हणून, ठरलेल्या विमानतळावर उतरता आलं नाही तर दुसरीकडे जाण्यासाठी, आणि तिथेही शेवटी अर्धा तास घिरट्या घालता याव्यात म्हणून. हा अर्धा तास नियमाने ठरलेला आहे, त्याला हात लावायची वेळ आली तर वैमानिकाला आणीबाणी जाहीर करावी लागते. पण जादा इंधन वाहून न्यायलाही इंधन लागतं. सोळा तासांच्या प्रवासात भरलेल्या जादा इंधनापैकी चाळीस टक्क्यांच्या आसपास ते स्वतःला वाहण्यातच संपवतं. त्यामुळे विमान एक तास जास्त उडवायचं ठरलं की फक्त सात-आठ टन वाढवून भागत नाही. कधी माल खाली ठेवावा लागतो, कधी काही आसनं रिकामी सोडावी लागतात. मुंबईहून अशी विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात यामागेही हेच एक कारण आहे. रात्रीच्या गार हवेत इंजिनांना जोर जास्त मिळतो आणि पंखांना उचल जास्त मिळते, आणि इतकं वजन घेऊन उडायचं तर तेवढाही फरक मोलाचा असतो.

वाऱ्याइतकाच, आणि अलीकडे वाऱ्याहून जास्त, वेळ खातात त्या सीमा. दोरा ज्या देशांवरून गेला त्यांची नावं पुन्हा वाचा: पाकिस्तान, अफगाणिस्तान, रशिया. काबूलच्या हवाईक्षेत्रात ऑगस्ट २०२१ पासून विमानांना मार्ग दाखवणारं नियंत्रणच राहिलेलं नाही. तिथून जाणारे वैमानिक एका ठरावीक फ्रिक्वेन्सीवर आपलं ठिकाण एकमेकांना सांगत पुढे सरकतात. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवर हल्ला झाला आणि रशियाचं आकाश अमेरिकी आणि युरोपीय कंपन्यांना बंद झालं. हेलसिंकीहून टोकियोला साडेनऊ तासांत जाणारं विमान उत्तर ध्रुवावरून वळसा घेत तेरा तासांवर गेलं. भारतीय कंपन्यांना रशियाचं आकाश खुलं राहिलं, पण त्यातही एक जोखीम होती. ६ जून २०२३ ला दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेलं विमान इंजिनच्या बिघाडामुळे रशियाच्या अतिपूर्वेला मगादान इथे उतरवावं लागलं. दोनशेहून जास्त प्रवासी त्या लहानशा शहरात अडकले. दुसरं विमान मुंबईहून पाठवून त्यांना पुढे नेईपर्यंत दोन दिवस गेले.

पाकिस्तानने २०१९ मध्ये फेब्रुवारीच्या शेवटापासून जुलैच्या मध्यापर्यंत आकाश बंद ठेवलं होतं. २४ एप्रिल २०२५ पासून ते भारतीय विमानांना पुन्हा बंद झालं, आणि भारतानेही ३० एप्रिलला तसंच केलं. याचा खरा मार दिल्लीला बसला. दिल्लीहून अमेरिकेला जाणाऱ्या काही विमानांना इंधनासाठी व्हिएन्नात थांबावं लागलं, आणि एअर इंडियाने १ सप्टेंबर २०२५ पासून दिल्ली–वॉशिंग्टन सेवा थांबवताना दिलेल्या कारणांत बंद आकाशाचाही उल्लेख केला. मुंबईला समुद्राचा आधार आहे. इथून निघालेलं विमान अरबी समुद्रावरून ओमानकडे जाऊ शकतं. वळसा पडतो, पण दिल्लीइतका नाही. मात्र १३ जून २०२५ ला इस्रायलने इराणवर हल्ला केला आणि इराण, इराक, जॉर्डन यांची आकाशं एकदम मिटली, तेव्हा ही वाटही आक्रसली. मुंबई-दिल्लीहून सुटलेली, हवेत असलेली कित्येक विमानं माघारी फिरली किंवा भलत्याच शहरांत उतरली. तिकिटावर छापलेला वेळ म्हणजे या सगळ्या देशांमध्ये शांतता राहील असं धरून केलेला अंदाज असतो, हे त्या दिवशी हजारो कुटुंबांना कळलं.

इथवर पोचायला किती वर्षं लागली तेही बघू. जे. आर. डी. टाटा १५ ऑक्टोबर १९३२ ला कराचीहून टपाल घेऊन अहमदाबादमार्गे जुहूच्या मातीवर उतरले, तिथून आपल्या विमानसेवेची सुरुवात झाली. ८ जून १९४८ ला ‘मलबार प्रिन्सेस’ मुंबईहून कैरो, जिनिव्हा करत लंडनला गेलं. १४ मे १९६० ला एअर इंडियाचं बोइंग ७०७ लंडनमार्गे न्यूयॉर्कच्या आयडलवाइल्ड विमानतळावर पोचू लागलं. पुढे त्याच विमानतळाला केनेडींचं नाव मिळालं. त्या काळी वाटेत थांबे घेतल्याशिवाय गत्यंतर नव्हतं, कारण एवढं अंतर एका दमात कापेल असं प्रवासी विमानच नव्हतं. दोन इंजिनांच्या विमानांना तर जवळच्या विमानतळापासून तासाभराहून लांब जायचीच मनाई होती. १९८५ मध्ये ती मर्यादा दोन तासांवर गेली आणि अटलांटिक त्यांना खुला झाला. इंजिनं भरवशाची झाली तशी ती आणखी वाढत गेली. १ ऑगस्ट २००७ ला एअर इंडियाने बोइंग ७७७-२०० एलआर विमानाने मुंबई–न्यूयॉर्क थेट सेवा सुरू केली. मध्ये ती बंद पडली, २०२३ मध्ये पुन्हा आली. या रस्त्यावर लक्ष देण्यासारखी गोष्ट ही आहे की १९६० नंतर विमानाचा वेग वाढलेलाच नाही. ७०७ जेवढ्या वेगाने उडत होतं तेवढ्याच वेगाने आजचं विमान उडतं. जो काही वेळ वाचला तो थांबे गळाल्यामुळे.

घड्याळाचंही बघायला हवं. आनंदीबाई उतरल्या त्याच वर्षी, १८ नोव्हेंबर १८८३ ला, अमेरिकेतल्या रेल्वे कंपन्यांनी प्रमाणवेळ स्वीकारली. तोवर तिथे गावोगावची वेळ वेगळी होती. मुंबईने तर स्वतःची ‘बॉम्बे टाइम’, प्रमाणवेळेहून ३९ मिनिटं मागे, १९५५ पर्यंत जपली. आज न्यूयॉर्क आपल्या मागे उन्हाळ्यात साडेनऊ तास आणि हिवाळ्यात साडेदहा तास असतं. रात्री दोनला मुंबई सोडलेला माणूस सोळा तास उडून त्याच तारखेला सकाळी साडेआठला उतरतो. डिसेंबरात हे साडेसात वाजता होतं, आणि तेव्हा एक चमत्कार घडतो. साठ अक्षांशावर पृथ्वी स्वतःभोवती फिरते तो वेग ताशी ८३५ किलोमीटर असतो, म्हणजे जवळजवळ विमानाइतकाच. विमान पश्चिमेला पळत असतं आणि मागून येणाऱ्या सूर्याला ते गाठूच देत नाही. मुंबईला सुरू झालेली रात्र न्यूयॉर्कपर्यंत पुरते. झोप झाली, जेवण झालं, पुन्हा झोप झाली, खिडकीचं झाकण वर केलं की बाहेर अंधारच. शरीराला मात्र फसवता येत नाही. ते दिवसाला साधारण तासाभराने नव्या घड्याळाशी जुळतं, म्हणून पहिला आठवडा रात्री दोन-तीनला टक्क जाग येते.

मुंबईच्या सहार विमानतळावर, टर्मिनल दोनच्या बाहेर, रात्री अकरानंतर उभं राहिलं की या प्रवासाचा दुसरा चेहरा दिसतो. तेवीस किलोच्या दोन बॅगा घरी न्हाणीघराच्या काट्यावर तोलून आणलेल्या असतात. तरी काउंटरवर एक पंचवीस भरते आणि मग तिथेच फरशीवर बसून उघडली जाते: भाजणीचं पीठ, गोडा मसाला, कुरडया, नातवासाठी झबली, आणि चकल्यांचा डबा, कपड्यांत गुंडाळून. जाणारे बहुतेकदा सत्तरीच्या पुढचे आई-बाबा असतात, सुनेच्या किंवा मुलीच्या बाळंतपणाला निघालेले. त्यातले कितीतरी जण चालायला ठणठणीत असूनही व्हीलचेअर मागतात. ती ढकलणारा माणूस बरोबर असला की इंग्रजीत कुणाला काही विचारावं लागत नाही. फ्रँकफुर्टला किंवा दोह्याला विमान बदलायचं, दुसरं टर्मिनल शोधायचं, पुन्हा तपासणी, पुन्हा रांग, या कल्पनेनेच त्यांच्या पोटात गोळा येतो. थेट विमानाने तीन-चार तास वाचतात हे खरं, पण या माणसांना तासांचं विशेष काही नसतं. मुंबईत बसायचं आणि मुलगा उभा आहे तिथे उतरायचं, वाटेत कुठे हरवायची भीती नको, यासाठी ते जादा पैसे मोजतात. मला ते अगदी रास्त वाटतं.

उलट दिशेच्या प्रवासात तास फार महत्त्वाचे होतात. न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये राहणाऱ्या मुलाला संध्याकाळी फोन येतो: बाबा गेले. आता इथून पुढे प्रत्येक तास मोजला जातो. इकडे नातेवाईक विचारतात, ठेवायचं का? शवागाराची सोय तालुक्याला असेल का? तिकडे तो परदेशी नागरिक झालेला असेल तर कागदपत्रं शोधत असतो. न्यूयॉर्कहून मुंबईला थेट विमानाने साडेचौदा तास, वारा पाठीशी. पण आजचं विमान सुटून गेलेलं असेल तर पुढचं उद्या, आणि रोजचं उड्डाण नसेल तर परवा. अशा वेळी तो दुबई, अबू धाबी किंवा दोह्यामार्गे मिळेल ते विमान पकडतो. वीस-बावीस तास लागले तरी चालतील, पण निघायला लगेच मिळालं पाहिजे. मग मुंबई येते. घर पुण्यात असेल तर आणखी चार तास. सांगली, लातूर, जळगाव असेल तर सहा ते दहा तास, तेही रस्त्यात कोंडी नसेल तर. अनेक घरांत शेवटी व्हिडिओ कॉलवरच अग्नी द्यावा लागतो.

हे लक्षात घेतलं की कळतं, हवेतले साडेचौदा तास हा अनेकदा एकूण वेळेचा निम्माही भाग नसतो. उरलेला वेळ पुढच्या उड्डाणाची वाट पाहण्यात आणि मुंबईच्या पुढच्या रस्त्यावर जातो. आवाजाहून वेगवान विमानांच्या घोषणा अधूनमधून होतात, अंतर निम्म्या वेळात कापलं जाईल म्हणतात. ती आली तरी तेवढं इंधन पोटात घेऊन साडेबारा हजार किलोमीटर न थांबता जातील असं दिसत नाही, आणि तिकीट तर सांगलीच्या माणसाला परवडणारच नाही. त्यापेक्षा मुंबईहून रोज, नेमाने, ठरल्या वेळी सुटणारं थेट विमान हवं, आणि ते चुकलं तर त्याच दिवशी दुसरं हवं. पहाटे उतरणाऱ्या माणसाला सकाळच्या आत कोल्हापूर, नांदेड, जळगावकडे नेणारं जोडविमान हवं, एकाच तिकिटावर, सामान पुन्हा न उचलता. यातल्या कशाच्याही आड भौतिकशास्त्र येत नाही. हे वेळापत्रकाचं काम आहे आणि मुंबईच्या धावपट्ट्यांवर जागा मिळण्याचं. सहारच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच मोकळेपणी वापरता येते, आणि तिथे नव्या उड्डाणाला वेळ मिळणं फार अवघड होऊन बसलं आहे. नवी मुंबईचा विमानतळ झाला आहे. तिथल्या जागांचा पहिला हक्क राज्यातल्या छोट्या शहरांच्या जोडविमानांना मिळावा, अशी मागणी आपल्या खासदारांनी आणि अमेरिकेतल्या महाराष्ट्र मंडळांनी एकत्र लावून धरायला हवी.